दुसऱ्या प्रतीचा शेवट

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या सर्वांच्या दाढा ज्यांच्या निकट परिचयाच्या आहेत ते दंतवैद्य डॉक्टरसाहेब. वाचनालयाच्या कार्यवाह बाई. निवृत्त होणारे आपले बाइंडर, बोटांना सदा चिकट खळ म्हणून ज्यांना लहानथोर खळकाका म्हणतात ते सत्कारमूर्ती. त्यांच्या शेजारी ओढून आणून बसवलेल्या काकू. आणि समोरच्या रसिक, सुजाण व आज सुदैवाने निःशस्त्र वाचकहो,

मी वार्ताहर. दुसऱ्याचं आयुष्य चार ओळींत उरकायची आमची सवय. कार्यवाह बाई म्हणाल्या, "आज ऐसपैस बोला. फक्त ते प्रकरण काढू नका." मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "तेच काढा. नाहीतर माझ्याबद्दल बोलणार काय? जन्मभर पुठ्ठे चिकटवले." आणि समारंभाला यायला त्यांनी एकच अट घातली: अध्यक्षपदी डॉक्टर हवेत.

अट ऐकून कार्यवाह बाईंनी अध्यक्षपदासाठी दुसरी तीन नावं सुचवली. का, ते या दालनात सगळ्यांना ठाऊक आहे. इतकी वर्षं कुणी उच्चारलेलं नाही, एवढंच. जे नव्याने सभासद झाले आहेत त्यांच्यासाठी सांगतो.

काही वर्षांपूर्वी काळप्रवासाच्या त्या प्रेमकथेनं सगळ्यांना वेड लावलं होतं. आपल्याकडे तिच्या दोन प्रती आल्या. नायक घड्याळं दुरुस्त करणारा. एका सकाळी त्याच्या दुकानात जुन्या काळातली एक बाई हसत शिरते. तो तिच्या मागोमाग शंभर वर्षं मागे जातो, आणि शेवटी तिथं लागलेल्या आगीत ती त्याच्या हातांत प्राण सोडते. संस्कृत साहित्यशास्त्रात याला करुण म्हणतात. आमच्या घरी याला "कशाला वाचायचं असलं" म्हणतात.

कादंबरीकर्त्यांना एक हौस होती. पानांवर क्रमांक नव्हते, नुसती सालं छापली होती. दुसरी प्रत इतक्या हातांतून गेली की महिन्याभरात तिची शिवण उसवली आणि सुट्या पानांचा ढीग काकांच्या टेबलावर आला. काकांनी कोणत्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. सालं बघून पानं चढत्या क्रमानं लावली आणि शिवून टाकली. मी नंतर विचारलं, "काका, शंका नाही आली?" म्हणाले, "आधीचं आधी, नंतरचं नंतर. माणूस याच क्रमानं जगतो ना?"

त्यामुळे दुसऱ्या प्रतीत काय झालं? बाई सुरुवातीलाच जळून मेली. आणि शेवटच्या पानावर, आजच्या काळात, दार ढकलून हसत दुकानात आली.

पाणी द्या जरा अध्यक्षांना. नाही, डॉक्टर, उठू नका. मी कठोर बोलणार नाही. काकांनी तशी ताकीद दिली आहे.

डॉक्टरांकडे दुसरी प्रत गेली होती. वाचनालयाचं कार्ड त्यांच्या पत्नीचं. त्या त्याच वर्षी गेल्या होत्या आणि पुस्तकासाठीचा त्यांचा नंबर त्या गेल्यानंतर लागला. डॉक्टरांनी पुस्तक घेतलं, वाचलं, मुदत वाढवून पुन्हा वाचलं. आमच्यासारख्यांनी गंमत म्हणून वाचलेलं पुस्तक एखादा माणूस औषधासारखं घेत असतो, हे आम्हांला कळणार कसं?

मग याच दालनात त्या कादंबरीवर चर्चा ठेवली. पहिल्या प्रतीचे वाचक खिडकीकडे, दुसऱ्या प्रतीचे दाराकडे. हे आपोआप झालं. विमा एजंटनं सुरुवात केली, "नायिकेचा मृत्यू मला अपरिहार्य वाटतो."

निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मृत्यूचं काय घेऊन बसलात? तो सुरुवातीलाच उरकतो. पुस्तक वाचलंय की नुसतं चाळलंय?"

"बाई, तुम्हांला चष्मा बदलायला झाला."

"आणि तुम्हांला डोकं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ती परत येते. मी वाचलंय." खिडकीकडची मंडळी हसली. माझ्या मते सगळा अनर्थ त्या हसण्यानं केला.

पहिली खुर्ची कुणी उचलली याबद्दल मतभेद आहेत. ती नोटीसबोर्डाच्या काचेवर आदळली आणि काच भूगोलाच्या मास्तरांच्या मानेत गेली, याबद्दल नाहीत. मुख्याध्यापिकांनी विमा एजंटच्या कानाचा चावा घेतला आणि कानाची पाळी तोंडातच राहिली. ती त्यांनी रुमालात थुंकली, आयुष्यभराची टापटीप. औषधविक्रेत्यानं उकळता चहा किटलीसकट भिरकावला. तो ज्याच्यासाठी होता त्याला लागला नाही. ज्याच्या छातीला लागला त्यानं ती कादंबरी वाचलेलीच नव्हती. पोस्टमास्तर कपाटाखाली सापडले, दोन बरगड्या मोडून, आणि तिथूनही "ती मेली, ती मेली" म्हणत होते. शृंगाराचं पर्यवसान रौद्रात आणि रौद्राचं बीभत्सात कसं होतं, हे मला शाळेत संस्कृतच्या गुरुजींनी वर्षभर शिकवूनही समजलं नव्हतं. त्या दिवशी पाव तासात समजलं. आमच्या संपादकांनी मथळा दिला, 'चर्चा रंगली'.

गोंधळ ऐकून काका शेजारच्या खोलीतून आले. दोन्ही प्रती टेबलावर उघड्या ठेवून त्यांनी बघितल्या. सालं बघितली. त्या क्षणी गप्प राहून ते परत गेले असते, तर आज त्यांचा उजवा हात धड असता. पण ते पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "थांबा. चूक माझी आहे. पानं मी उलटी लावली. डॉक्टर, तुम्ही वाचलात तो शेवट या पुस्तकात नाही."

काकांच्या मागोमाग त्यांच्या पुस्तकं दाबायच्या यंत्राचा लोखंडी दांडाही बाहेर आला होता. मारामारीत कुणीतरी तो ओढून आणला होता. तो डॉक्टरांनी उचलला. काकांचा हात पुस्तकावरच होता. पहिला घाव बसला तेव्हा ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. डॉक्टर म्हणाले, "परत लाव." दुसरा घाव. "परत लाव ती पानं." तिसऱ्यानंतर बोटं बोटांसारखी दिसत नव्हती, आणि दुसरी प्रत लाल झाली होती.

कुणीतरी ओरडलं, "अरे, डॉक्टरांना बोलवा." डॉक्टर तिथंच उभे होते. दांडा त्यांच्या हातात होता.

पोलीस आले. काकांनी जबाब दिला की दांडा निसटून हातावर पडला. हवालदारानं विचारलं, "तीनदा?" काका म्हणाले, "जुनं यंत्र आहे." फिर्याद झाली नाही. दोन बोटं कापावी लागली, उरलेली आखडली. काका डाव्या हातानं शिवायला शिकले. आज तुमच्या घरी जी पुस्तकं आहेत ती त्या हातानं शिवलेली आहेत. काकूंनी वर्षभर त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली आणि रोज डॉक्टरांचा उद्धार केला. काकू, मान हलवू नका, शेजारचे साक्षीला आहेत.

आणि डॉक्टर? काका दिसले की ते रस्ता ओलांडतात. दाढ ठणकली तर काकांना बसनं दुसऱ्या गावी जावं लागतं. एका गावात दोन माणसं इतकी वर्षं अशी राहिली. मारलं त्यानं नजर चुकवायची आणि मार खाल्ला त्यानं दाढ धरून बस पकडायची.

मी काकांना शेवटी विचारलं, "अध्यक्ष म्हणून हेच कशाला? सूड आहे का?"

काका म्हणाले, "छे. हात गेला त्याचं मी बघून घेतलं. पण त्यांचं काय दुखत होतं ते मला तेव्हाच दिसलं होतं, आणि मी चार माणसांत त्यांचा तो शेवट काढून घेतला. मला त्यांच्याशी बोलायचंय. पण आधी त्यांनी बोलायला हवं. तेवढं ऐकलं की मी घरी जायला मोकळा."

मंडळी, बोलणाऱ्यानं शेवटी न्यूनाधिक पदरात घ्या म्हणायचं असतं. माझ्या शब्दांनी ज्यांच्या जुन्या जखमा उघडल्या त्या साऱ्यांची मी मनापासून क्षमा मागतो. आपण शांतपणे ऐकलंत, खुर्च्या जागच्या जागी आहेत, त्याबद्दल ऋणी आहे. कार्यक्रमपत्रिकेत आता अध्यक्षीय भाषण छापलं आहे. डॉक्टर, भाषणाची गरज नाही. काका मघापासून तुमच्याकडे बघताहेत. क्षमा मागणं अवघड नसतं, आत्ताच मी मागितली आणि अजून उभा आहे.

मी बसतो. या.