वहिनीच्या सुनेचा दिवस

हसू नका लेकहो, मले अजून लाज वाटून राहिली.

रिटायर झाल्यापासून मले शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला, हे तुमाले माईतच आहे. परवा शेंदूरजनाघाटले मोठ्या भावाकडे त्याची नवी सून पहिल्यांदा आली. पोरगी स्पेनची. सारं घर गोळा झालं होतं. चहा झाल्यावर ती वहिनीजवळ, म्हणजे सासूजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आन् हळूच म्हणाली, “आई, आजचा दिवस...”

“दिवस!” मी उडालोच. “अरे वा! आपला दिवस आन् तुमचा स्पॅनिश ‘दीआ’ एकाच खानदानातले! इंग्रजी ‘डे’ तसाच दिसते, पण त्याचं मूळ अलग. तुमचा ‘मुचो’ आन् इंग्रजी ‘मच’, अर्थ एक, पण नातं काहीच नाही!”

पोरगी मान हलवत राहिली. मले वाटलं खूश झाली, म्हणून मी लॅटिनमध्ये घुसलो.

पुतण्या माझ्या कानाशी आला. “काका, आईशी बोलाले ती दोन महिन्यांपासून एक वाक्य पाठ करून राहिली होती.”

मी गपकन थांबलो. पोरीनं मले विचारलं, अगदी मनापासून, “काका, तुमचं झालं?”

मी मान हलवली. ती वहिनीकडे वळली. “आई, आजचा दिवस...” ओठ हलले, पण पुढचं काही केल्या आठवेना. डोळ्यांत पाणी आलं.

वहिनीनं तिले जवळ घेतलं. “राहू दे माय. तुहा दिवस तुह्या काकानं खाल्ला.”