लेआची हजेरी

तरसालीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा आणि शाळेतल्या लायब्ररीच्या बाई बसल्या होत्या.

"बाई, आमच्या आभाला ती ज्यू मुलीची कादंबरी तुम्हीच दिलीत ना?"

"हो. का हो काका, घाबरली का?"

"घाबरतेय कसली! भांडली माझ्याशी. गणपतीत मंडळाची वेशभूषा स्पर्धा होती, विषय 'थोर पुढारी'. मी म्हटलं, हिटलर हो, शिस्तीचा माणूस. मिशीसुद्धा आणून ठेवली."

"अरे देवा! मग?"

"म्हणाली, आजोबा, त्यानं साठ लाख ज्यू मारले, लहान पोरंसुद्धा. मिशी माझ्यादेखत कचऱ्यात टाकली."

"शाब्बास!"

"आणि शाळेच्या गणवेशात स्टेजवर गेली. कादंबरीतल्या वर्गाची हजेरी घ्यायला लागली."

"लेआला ज्यू म्हणून काढून टाकतात, तोच वर्ग?"

"तोच. पण हिनं तिचंही नाव घेतलं. 'लेआ!' हॉल चिडीचूप. पुन्हा 'लेआ!'"

"मग हो?"

"मग मी उठलो, बाई. दुखरे गुडघे घेऊन उठलो आणि ओरडलो, हजर! माझ्यामागोमाग अख्खा हॉल उठला. हजर!"