फॉइलच्या दोन पट्ट्या

मुलुंडला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसबाहेर बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिची बारावीतली मुलगी.

"श्रुतिका, आत गेल्यावर सरांना फक्त सॉरी म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं नाही."

"कशाबद्दल, आई? शेजारी-शेजारी असलेल्या दोन तारांतून एकाच दिशेने करंट गेला, तर तारा जवळ ओढल्या जातात. सर म्हणाले, लांब जातात."

"मग ते म्हणाले तसं लिहायचं ना!"

"चुकीचं? सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, तोच नियम त्यांनी तारांना लावला. तसं नसतं गं."

"आणि हे तू भर वर्गात बोललीस?"

"हात वर करून बोलले. तर म्हणाले, हे दिवे घरी आईसमोर पाजळ, ती टाळ्या वाजवेल."

"मला काढलं मध्ये?"

"सगळी पोरं हसली."

"हे काल नाही सांगितलंस!"

"तू सॉरी-सॉरी करत होतीस ना."

"तारांचं ते करून बघितलंयस?"

"हो. तारांऐवजी फॉइलच्या पट्ट्या लटकवल्या आणि सेल जोडला. लगेच जवळ आल्या."

"सेल आहे आत्ता?"

"दप्तरात आहे. फॉइल नाही."

बाईंनी पिशवीतून डबा काढला. पोळ्यांची फॉइल सोडवली, ओढणीला पुसली आणि पोरीच्या हातात दिली.

तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला.

"श्रुतिकाच्या आई, या. माफी मागायला तयार आहे ना ती?"

"तयारीनेच आलोय, सर. पण इथे ऑफिसात नको. पोरं जिथे हसली, त्या वर्गात चला."