दारुमाचा दुसरा डोळा

नाही, नाही, त्याला हात लावू नकोस — फ्रीजरवरच्या त्या दारुमा बाहुल्याला म्हणतेय मी. बस ना, उभी का? आणि ही मिठाईची पेटी होसाकाने दिली ना तुझ्याबरोबर? चेस्टनट घातलेलं योकान! मला आवडतं ते बरं लक्षात राहिलं तुझ्या सरांच्या, बाकी सगळं विसरला तो. ठेव तिकडे. उघडू नकोस.

म्हणजे तुमचा जीवाणू मरत नाही. असंच ना? तुमच्या संशोधनाच्या पेपरात छापलंय, ते एक प्रथिन काढून टाकलं की किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांत हा मरतो — आणि तुम्ही दुसऱ्या प्रयोगशाळांना पाठवलेला हा पठ्ठ्या मजेत जगतोय, गुलाबीच्या गुलाबी! हसू नको तर काय करू? अगं, त्याची जातच तशी. किरणांनी डीएनएचे शेकडो तुकडे होतात, तू-मी असतो तर कधीच आटोपलो असतो — हा काही तासांत परत जसाच्या तसा. का? तर ते प्रथिन तुटलेली टोकं धरून ठेवतं, घट्ट, आणि मग बाकीची येऊन ती जोडतात. ते नसलं की टोकं मोकळी, जोडणार कोण आणि काय? हे सगळं मीच शिकवलं होसाकाला. ताटलीवर जीवाणू पसरता येत नव्हते त्याला, आगरची जेली फाडून ठेवायचा!

आता तुमचं कुठे अडलंय ते सांगते. याच्या एकेका पेशीत डीएनएच्या चार-चार, आठ-आठ प्रती असतात. एका प्रतीतून त्या प्रथिनाचं जनुक काढलंस — बाकीच्यांत आहेच की! म्हणून पुन्हा वाढवायचं, एक ठिपका उचलायचा, पुन्हा वाढवायचं, सगळ्या प्रती साफ होईपर्यंत. अख्खा हिवाळा मी तेच करत होते. माझ्या दोन नळ्या होत्या फ्रीजरमध्ये, एक अर्धवट, एक साफ. पेपरातले आलेख साफ नळीचे, माझे. आणि याने उचलली कुठली? अर्धवट! चोरीसुद्धा धड जमली नाही मेल्याला.

हो, चोरीच. दुसरा शब्द असेल तर तू सांग. मी आईच्या आजारपणात निईगाताला होते, तर रोज फोन करायचा — ‘इसोगाई-सान, आई जेवल्या का?’ आणि फोन ठेवला की माझ्या आलेखांवर स्वतःचं नाव घालायचा. परत आले, कोट अडकवला, वर बघते तर दारुमाला दोन डोळे! इथल्या, ताकासाकीच्या, नववर्षाच्या बाजारातून आम्हीच आणला होता तो, कोऱ्या डोळ्यांचा. एक डोळा काम सुरू करताना मी रंगवला, दुसरा काम फत्ते झाल्यावर दोघांनी मिळून रंगवायचा, असं ठरलं होतं. मला वाटलं, अगंबाई, मला खूश करायला रंगवलाय — खुळ्यासारखी हसले मी, सगळ्यांदेखत. मग कुणीतरी पेपर दाखवला. मी शेवटी, आभारात. ‘सहकार्याबद्दल’. फसवलं गं त्याने मला. भावासारखा मानला होता — भाऊ कसला, भाऊ म्हणून कुणी दोन कपांतला एक कप रोज माझ्यासाठी धुऊन ठेवतं का… जाऊ दे, तुला काय सांगत बसलेय मी.

साफ नळी? आहे की. याच फ्रीजरमध्ये आहे. तुझा प्रबंध तिच्यावर अडकलाय, कळतंय मला, रडू नकोस. पण त्याला स्वतः यायला काय झा— थांब. खाली ती पांढरी गाडी कुणाची? इंजिन चालू ठेवून बसलाय कोण? माझ्याकडे बघ. तोच ना? तीन मजले चढवले नाहीत त्याला? पेटी देऊन तुला पाठवलं वर?

दारुमा घे. हो, आता लाव हात. त्याच्या मांडीवर ठेव आणि सांग, तू रंगवलेला हा डोळा पुसून आण, मग नळी घेऊन जा. — शाई निघत नाही? माहितीये मला. मी काय कमी घासलाय तो? योकान पण ने. जा.