जाळीमागचे दोन साहेब

लेलंड : ...तर साहेब, आमच्या कोल्टनला काही सांगावं लागत नाही. आपली बॅग आपण उचलतो, पंचाशी वाद घालत नाही, आईशी मर्यादेनं बोलतो. चेंडू किती जोरात टाकतो ते तर तुम्ही बघताच आहात. कॉलेजवाले हे सगळंच बघतात म्हणे.

हेक्टर : बघायलाच हवं. रुबेनही अगदी तसाच. तो बघा, समोरच्या संघातला, निळ्या टोपीत, कडेला उभा राहून बॅट फिरवतोय. त्याच्याकडेही जरा लक्ष असू द्या.

लेलंड : आहे ना. चांगला दणकट दिसतो. तुम्ही त्याला कॉलेजच्या संघात घ्यायचं नक्की केलंय वाटतं?

हेक्टर : मी? मी कसा घेणार? तुम्ही घ्यायचं.

लेलंड : मी? माझं टायरचं दुकान आहे.

हेक्टर : तुम्ही प्रशिक्षक नाही?

लेलंड : छे. तुम्ही आहात ना?

हेक्टर : मी विमा विकतो. टेक्सासात. रुबेन माझा मुलगा.

लेलंड : थांबा, थांबा. मग ही वेग मोजायची गन?

हेक्टर : विकत घेतली. आणि तुमच्या गळ्यातलं ते स्टॉपवॉच?

लेलंड : तेही विकतचंच. पण तुमच्या शर्टावर तर कॉलेजचं नाव आहे.

हेक्टर : मुलगी तिथे नर्सिंग शिकते. त्या कॉलेजात बेसबॉलचा संघसुद्धा नाही. आणि तुमच्या शर्टावरचं कॉलेज?

लेलंड : मेव्हणी तिथल्या ग्रंथालयात आहे. तिनं नाताळात शर्ट दिला होता. म्हटलं, कॉलेजवाल्यांना पोरं दाखवायच्या या जत्रेत घालून बसू. खरे प्रशिक्षक आपल्यातलाच समजून शेजारी येऊन बसतील.

हेक्टर : मीही हेच म्हटलं होतं. बायकोला.

लेलंड : काय म्हणाली?

हेक्टर : हॉटेलवर झोपते म्हणाली.

लेलंड : शहाणी आहे. म्हणजे सामना सुरू झाल्यापासून मी एका विमावाल्याला उकडलेले शेंगदाणे चारतोय. स्वतः एक खाल्ला नाही हो. साहेबांना कमी पडायला नकोत म्हणून.

हेक्टर : आणि मी सावलीतली जागा तुम्हाला देऊन उन्हात बसलोय. जॉर्जियाचं ऊन. टक्कल बघा.

लेलंड : बघतोय. भाजलंय चांगलंच. मला वाटलं, किती साधा माणूस, एवढा मोठा प्रशिक्षक असून. मेव्हणीला फोनसुद्धा करून आलो, की एकजण कोल्टनवरून नजर काढत नाही.

हेक्टर : काढत नव्हतोच. तो कधी थकतो ते बघत होतो. त्याच्यासमोर रुबेनची पाळी यायची आहे ना.

लेलंड : वा! मग खरे आहेत कुठे?

हेक्टर : चार नंबरच्या मैदानावर. तिथे चेंडू टाकणारा एक डावखुरा पिचर आलाय. सगळी झुंड त्याच्यामागे. इथे आपण दोघंच. एकमेकांवर छाप पाडत.

लेलंड : तीन उन्हाळे झाले राव. तीन उन्हाळे मी सभ्य बाप म्हणून मिरवतोय. ओरडत नाही, टाळ्या मोजून मारतो. पोरं बसतात त्या डगआउटकडे तर चुकूनही पाऊल टाकत नाही. आमच्या गावचा एकजण पोराला थंड पाणी द्यायला गेला होता. झालं, कॉलेजवाल्यांनी त्या पोराचं नाव खोडलं.

हेक्टर : खोडतातच. आज पाणी घेऊन आला, म्हणजे पुढची चार वर्षं फोन करून डोकं खाणार, असा हिशेब असतो त्यांचा. लेलंड, मागे बघू नका.

लेलंड : का?

हेक्टर : पांढरी हॅट घालून एकजण येऊन उभा राहिलाय. बरोबर अजून एक आहे. बघू नका म्हटलं ना.

लेलंड : तोही कुणाचा तरी बापच असेल.

हेक्टर : नाही. शर्ट साधा आहे. आणि गनला सगळीकडे चिकटपट्टी लावलीय. वापरून वापरून झिजलेली. हे खरे.

लेलंड : देवा. आज कोल्टनकडे बघणारं कुणीतरी आलं. पुढच्या वर्षी त्याची शाळा संपते हेक्टर, हा शेवटचा उन्हाळा. आता कुणाच्या नजरेत भरला नाही तर आहेच मग माझ्या शेजारी बसून पंक्चर काढणं. मला त्याची लाज नाही, पण त्याला ते करायचं नाही. आत्ताचा चेंडू किती गेला? तुम्ही आकडे सांगायचंच बंद केलंत. सेल संपला का?

हेक्टर : सेल आहे.

लेलंड : मग?

हेक्टर : पहिल्या डावात सत्त्याऐंशी मैल होता. मग एक्क्याऐंशी. आत्ताचा अठ्ठ्याहत्तर.

लेलंड : ऊन किती आहे. दमला असेल.

हेक्टर : दमलेला पोरगा घाम पुसतो. हा दर चेंडूनंतर कोपर धरतोय.

लेलंड : सवय असते एकेकाची.

हेक्टर : असेल.

लेलंड : तुम्हाला काय त्याचं? तुमचा रुबेन येईलच ना आता बॅटिंगला.

हेक्टर : पुढचाच त्याचा नंबर आहे. अठ्ठ्याहत्तरचा चेंडू तो कुंपणापार मारेल, आणि तेही हॅटवाल्यांसमोर. म्हणून तर मघापासून गप्प बसलो होतो. मग माझीच मला लाज वाटली. तुमचे शेंगदाणे खाल्लेत मी.

लेलंड : गेला आठवडाभर तो डाव्या हातानं जेवतोय.

हेक्टर : तुम्ही बघितलंत?

लेलंड : समोरच तर बसतो. बायकोनं मला खूण केली. मी म्हटलं, दोन्ही हातांनी चेंडू टाकायला शिकत असेल, दुप्पट कॉलेजं मागे लागतील. एवढा चांगला विनोद केला, पण ती हसली नाही.

हेक्टर : त्याला विचारलं नाहीत?

लेलंड : विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं ना. मग इथे आणता आलं नसतं. हा असला बाप मी. टायर जरा गरम लागला तरी गिऱ्हाइकाला सांगतो, गाडी काढू नका.

हेक्टर : त्याच्या संघाच्या कोचला काही माहीत आहे?

लेलंड : पोरगा बोलत नाही, मी बोलत नाही. कोचला कोण सांगणार? अजून एकच गडी बाद व्हायचाय हो. एवढा डाव होऊ दे.

हेक्टर : बघा. तुमचा मुलगा आहे.

लेलंड : तुम्ही माझी समजूत घाला ना जरा. म्हणा, काही होत नाही.

हेक्टर : सकाळपासून प्रशिक्षक होऊन बसलो होतो. तेवढं खोटं पुरे झालं आजच्याला.

लेलंड : मी तिकडे गेलो तर हॅटवाले बघतील.

हेक्टर : बघतील.

लेलंड : आणि त्याचं नाव खोडतील.

हेक्टर : बहुतेक.

लेलंड : परत धरला बघा त्यानं कोपर. हेक्टर, हे शेंगदाणे धरा जरा.

(लेलंड जातो. बऱ्याच वेळानं येऊन पुन्हा त्याच जागी बसतो.)

हेक्टर : मला वाटलं तुम्ही आता येत नाही.

लेलंड : गाडीची किल्ली इथेच राहिली. पोरगा प्रथमोपचाराच्या तंबूत आहे, आई पलीकडच्या बाकांवरून येऊन बसलीय त्याच्याजवळ. घरी जाऊन आधी डॉक्टर गाठायचाय. रुबेनचं काय झालं?

हेक्टर : तुमचा नवा पिचर ताजा होता. तीन चेंडू आले, तिन्ही वेळा रुबेननं नुसता वारा घातला आणि बाद झाला.

लेलंड : वाईट झालं हो. माझ्यामुळे.

हेक्टर : फार हळहळू नका. रविवारी अजून एक सामना आहे त्याचा.

लेलंड : आणि ते हॅटवाले?

हेक्टर : तुम्ही कुंपणाच्या दाराशी झटापट करत होतात ना, तेव्हाच गेले.

लेलंड : ते दार ओढायचं की ढकलायचं तेच कळेना. आत गेलो तर पंच आडवा आला. म्हणाला, साहेब, कॉलेजच्या प्रशिक्षकांना मैदानात यायची परवानगी नाही.

हेक्टर : शर्ट बघून?

लेलंड : शर्ट बघून. म्हटलं, बाबा रे, मी कुणी नाही, त्या पोराचा बाप आहे.

हेक्टर : कोल्टन चिडला असेल.

लेलंड : चिडेलच म्हणून जाता जाता मनात भाषण जुळवत होतो. हात राहिला तर पुढे सगळं आहे, वगैरे. पण त्यानं मला बघितलं आणि मुकाट्यानं चेंडू कोचच्या हातात देऊन टाकला. बाकावर बसला आणि रडायला लागला. एवढा सहा फुटी पोरगा. म्हणाला, बाबा, तुम्ही कधी विचारता याची वाट बघत होतो.

हेक्टर : मग? काय बोललात तुम्ही?

लेलंड : भाषण काही आठवेना. बर्फ कुठे मिळतो, विचारलं.