सुई नसलेला

नेलिदा : बादलीत पुन्हा हात घालू नकोस, रोसेंदो. हातमोजे मी घातलेत, वटवाघळं मीच काढते.

रोसेंदो : काल सगळी मी उघड्या हातांनीच भरली. मेलेलं वटवाघूळ काय चावणार आहे? पण तू सरकारी बाई, तुला मोजे शोभतात. बघ, डोकी काप, इकितोसच्या प्रयोगशाळेला पाठव, आणि कळव त्यांना की रक्तपित्यांचा बंदोबस्त आम्हीच केला. तुमची होडी येईपर्यंत माझ्या दोन कालवडी मागचे पाय ओढत मेल्या.

नेलिदा : होडी मी चालवत नाही. डिझेल मिळालं की निघते. एवढी सापडली कुठे?

रोसेंदो : म्हाताऱ्या लुपुनाच्या झाडात. त्याचं खोड आतून पोकळ आहे ना. म्हणजे होतं. बुंध्याशी सुकी पानं, त्यावर ओली, त्यावर दोन मुठी मिरच्या. धूर आत गेला आणि टपाटप पडायला लागली. शेवटी आग खोडालाच लागली.

नेलिदा : लुपुना जाळलात?

रोसेंदो : ठरवून नाही. म्हातारे कुरकुरले, झाडाची आई कोपेल म्हणाले. मी सभेत म्हटलं, झाडाच्या आईची समजूत घालू आपण, पण माझ्या गायीची कोण घालणार? सगळे हसले आणि हात वर केले. तुझी आत्या तेवढी हसली नाही.

फिलोमेना : मी सभेला नव्हतेच. नेली, पोरी, आधी काहीतरी खा. केळी भाजलीत, मासा आहे. ती घाण काय, नंतरही बघता येईल.

नेलिदा : आले आत्या, एवढं बघते. तू उठू नकोस, झोळीतच पड. रोसेंदो, रक्तपितेच आहेत हे तुला कुणी सांगितलं?

रोसेंदो : सांगायला कशाला हवं? नाक बघ की. हे उभं पातं. हीच सुई. ही टोचायची आणि रक्त ओढायचं. माझ्या आजानं मला दाखवलं होतं, त्याला त्याच्या आजानं. सुईनाक्या म्हणजे रक्तपिता, लहान पोरालाही माहीत आहे. आणि आकार बघ, पंख पसरले तर माझा हात संपतो.

नेलिदा : बोटानं दाब ते पातं. नको, तू नको, मी दाबते. दिसलं? कानाच्या पाळीसारखं मऊ आहे. पिकलेल्या पपईतसुद्धा शिरणार नाही. नाकातून आवाज काढतात ती, तो नेमका पुढे जावा म्हणून हे पातं.

रोसेंदो : मग रक्त कशानं काढतात?

नेलिदा : काढतच नाहीत. दाढा बघ, रुंद आहेत, चघळायच्या. खालच्या ओठावर या बारीक चामखिळी. मागे आखूड शेपूट आहे. ही फळं खातात, फुलं चाटतात, किडे खातात. हेही तसलंच. हेही.

रोसेंदो : खालची बघ. वरती काही चुकून आली असतील.

नेलिदा : खालचीही बघते आहे. पातं. पातं. हिच्या पोटाला पिल्लू आहे, अजून धरून बसलंय.

रोसेंदो : सगळी बघ.

नेलिदा : बघितली. लुपुनातलं एकही रक्त पिणारं नाही, रोसेंदो.

रोसेंदो : थट्टा करतेस.

नेलिदा : दोन दिवस होडीत बसून थट्टा करायला येईन का मी?

रोसेंदो : हळू बोल. शेजारी ऐकतील. अख्ख्या गावाला मी उभं केलं तिथे. म्हातारा बेनिग्नो रडत होता, त्याला मी घरी पाठवलं. म्हटलं, काका, जनावरं गेली की मग रड. तुझ्या पुस्तकातली वटवाघळं वेगळी असतील. इथली ही अशीच असतात.

नेलिदा : थांब. तळाशी हे एक वेगळं आहे. हे लुपुनातलं नाही. याच्या अंगाला धुराचा वास नाही.

रोसेंदो : ते सोड. तो बोडका आहे. नाकाला सुई नाही, काही नाही. गरीब असतात ते. बादली हाताशी होती म्हणून टाकला.

नेलिदा : कुठून आणलंस?

रोसेंदो : घरातून. आज सकाळी. आईच्या झोळीखाली जमिनीवर बसला होता. उडेना. आई म्हणाली मारू नकोस, बाहेर नेऊन ठेव. मी उचलला तर हातात थरथरत होता, पायरीवरच मेला.

नेलिदा : उघड्या हातानं उचललास?

रोसेंदो : बोडक्याला कोण भितं? बेडकासारखा असतो तो.

नेलिदा : तुझे हात दाखव. दोन्ही. हे बोटाला काय आहे?

रोसेंदो : कोयता लागला परवा. काय झालं काय? तुझा चेहरा असा का झाला?

नेलिदा : जरा गप्प राहा. मला नीट बघू दे. पंखांची टोकं काळीच आहेत, पांढरी नाहीत.

रोसेंदो : पांढरी असती तर?

नेलिदा : तर ते कोंबड्यांच्या रक्तावर जगणारं असतं. पायांवर दाट केस असते, तरी पाखरांवरचंच. केसही नाहीत. शेपूट नाही. नाक चपटं, दुमडलेलं, पातं नाही. खालच्या ओठाला मधोमध चीर. आणि अंगठा बघ, केवढा लांब, खाली दोन गाद्या. तोंड उघडते. हे पुढचे दोन दात.

रोसेंदो : वस्तऱ्यासारखे आहेत.

नेलिदा : वस्तऱ्यापेक्षा धारदार. दाढा जवळजवळ नाहीतच, कारण चघळायचं काही नसतं. हे कापतं आणि चाटतं. कापल्याचं कळतही नाही, झोपलेलं माणूस जागं होत नाही. तुझ्या कालवडी यानं, नाहीतर याच्या भावंडांनी मारल्या. रक्तपिता हा आहे, रोसेंदो. हा बोडका.

रोसेंदो : नाही.

नेलिदा : दिवसाउजेडी जमिनीवर, उडता न येणारा, थरथरणारा. तो आजारी होता. पिसाळण्याचा रोग त्याच्या लाळेत असणार.

रोसेंदो : नाही, नेली. बोडके तर आमच्याकडे कायम आहेत. बाबांच्या पडवीत येतात-जातात, संध्याकाळी आवाज येतो. आम्ही कधी हाकललंही नाही. सुईवाले नाहीत ना, मग राहू दे बिचारे, असं मीच म्हटलं.

नेलिदा : आतोबांच्या होडीची पडवी?

रोसेंदो : तीच. आईच्या खोलीला लागून. बाबा गेल्यापासून बंद आहे. वर्षाची मेणबत्ती लावेपर्यंत त्यांच्या होडीला कुणी हात लावायचा नाही, असं आईनं सांगितलंय. फटीतून दिसतं तेवढंच. होडी पालथी टांगलेली आहे आणि उन्हानं तिचं डांबर गळतंय.

नेलिदा : डांबर कसं दिसतं?

रोसेंदो : डांबरासारखं. काळं, चिकट. फार दर्प येतो. मी म्हटलं होतं, वर्ष झालं की पहिल्यांदा होडीच्या फटी पुन्हा भराव्या लागतील.

नेलिदा : ते डांबर नाही. रक्तावर जगणाऱ्यांची विष्ठा आहे. पचलेलं रक्त काळंच पडतं. होडीच्या पोटात त्यांची वसाहत आहे.

रोसेंदो : घरात. माझ्या घरात. आणि मी गाव घेऊन झाड जाळत होतो. सरक. मला काडेपेटी दे.

नेलिदा : खाली बस. पुन्हा जाळणार? धूर केलास तर ती उडून दहा घरांत जातील, तुझी आजारी वटवाघळं सगळ्या गावाला वाटशील. माझी माणसं जाळी घेऊन येतील. एखाद्याला पकडून पाठीला विषाचं मलम फासतात आणि सोडून देतात, बाकीची त्याला चाटतात आणि मरतात. ते आमचं काम. तुझं काम आता वेगळं आहे. साबण कुठे आहे? हात धू, चोळून, मी पुरे म्हणेपर्यंत. आणि आत्याला विचार.

रोसेंदो : आईला काय विचारू?

नेलिदा : ते झोळीखाली काय करत होतं, ते.

फिलोमेना : मला सगळं ऐकू येतं. बहिरी नाही मी.

नेलिदा : आत्या, पाय दाखव.

फिलोमेना : पायाला काय झालंय? काटा लागलाय.

नेलिदा : दोन्ही पाय. फडकं काढ.

रोसेंदो : आई, अंगठ्याला हे काय आहे? सगळी बोटं कोरल्यासारखी दिसताहेत. चादरीवर काळे डाग दिसायचे ते?

फिलोमेना : केळीच्या चिकाचे.

रोसेंदो : केळीच्या चिकाचे म्हणून तू मला सांगायचीस. आणि मी ऐकायचो. माझी बायको मार्लेनी म्हणाली होती, चिकाचे डाग पायथ्याशीच कसे पडतात. तिला मीच गप्प केलं.

नेलिदा : किती वेळा चावलं, आत्या?

फिलोमेना : चावलं नाही. चावलं असतं तर दुखलं असतं.

नेलिदा : किती वेळा आलं?

फिलोमेना : मोजलं नाही. असं मोजायचं असतं का?

रोसेंदो : तुला माहीत होतं? जागी असायचीस? मच्छरदाणी घालून घेत होतीस ना तू? मी स्वतः शिवून दिली.

फिलोमेना : घालत होते. पायथ्याची बाजू तेवढी वर ठेवायचे.

रोसेंदो : का?

फिलोमेना : आता काय सांगायचं. तुम्ही हसाल.

नेलिदा : कोण हसतंय इथे, आत्या?

फिलोमेना : तुझे आतोबा पहाटे मासेमारीला निघायचे. मला हाक मारली तर पोरं उठतील म्हणून पायाचा अंगठा धरायचे. हलवायचे नाहीत, नुसता धरायचे. मी उठायचे, त्यांना भात बांधून द्यायचे. अगदी शेवटपर्यंत रोज. ते गेल्यावर एकदा झोपेत तसंच वाटलं. जमिनीवर पावलं, हलकी. मग अंगठ्याशी काहीतरी, कोमट. पडवी शेजारीच, होडी तिथेच. मला वाटलं, निघालेत. सांगून जाताहेत.

रोसेंदो : आई.

फिलोमेना : सकाळी रक्त दिसायचं. मी म्हटलं, गेलेल्या माणसाला थोडं रक्त लागत असेल. त्यात काय. आयुष्यभर त्यांनी मला मागितलं तरी काय.

[नळाखाली धुतलेल्या हातांचं पाणी अजून टपकत आहे.]

नेलिदा : आत्या, आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. मला बरं वाटावं म्हणून नको. त्या बोटांना मुंग्या येतात? आग होते? पाणी पिताना घसा आवळतो?

फिलोमेना : नाही.

नेलिदा : ही वाटी घे. माझ्यासमोर पी.

फिलोमेना : कडू आहे का काही त्यात?

नेलिदा : नुसतं पाणी.

रोसेंदो : प्यायली. सगळं प्यायली. नेली, हे चांगलं आहे ना? बोल ना काहीतरी.

नेलिदा : चांगलं आहे. मुंग्या सुरू झाल्या की मग कुणाच्या हातात काही राहत नाही. त्याच्या आत लस पोचली तर माणूस वाचतं. नाउताच्या आरोग्य केंद्रात लस आहे, येताना मी विचारून आले होते, कालवडींना हात लावणाऱ्यांसाठी. मला काय माहीत कोणासाठी लागणार आहे. आत्ता निघायचं. तूही, बोटाला जखम आहे तुझ्या. मार्लेनी आणि काल वटवाघळांना हात लावलेले सगळे उद्याच्या होडीनं.

रोसेंदो : गावाला काय सांगू? झाड उगाच जाळलं म्हणून?

नेलिदा : नाक बघून चुकलो म्हणून सांग. आणि बोडका दिसला तर हात लावू नका म्हणून. बेनिग्नोला आधी सांग.

रोसेंदो : त्याच्यासमोर उभं राहवणार नाही मला.

नेलिदा : बसून सांग. आत्या, पाय इकडे कर, साबणानं धुते. झोंबेल.

फिलोमेना : पडवीचं काय करणार तुम्ही?

नेलिदा : वटवाघळं काढू. होडीला काही होणार नाही, मी बघेन.

फिलोमेना : वर्ष व्हायच्या आत दार उघडणार.

रोसेंदो : उघडावं लागेल, आई. मेणबत्ती आजच लावू हवं तर. बाबा समजून घेतील. चल, पायरी उतर, मी धरतो तुला. नको, माझे हात नकोत. नेली, तू धर.

फिलोमेना : थांबा. ते आधी दाखव मला, नेली. त्याचा तो अंगठा.

नेलिदा : लांबूनच बघ. हा. यावर भार देऊन चालतं ते. बाकीच्यांना जमिनीवर धड सरकता येत नाही, हे मांजरासारखं चालतं. झोपलेल्या जनावराजवळ चालतच जातं.

फिलोमेना : म्हणून पावलं इतकी हलकी होती.

रोसेंदो : आई, चल. होडी थांबली आहे.

फिलोमेना : तुझा बाप टाचा आपटत चालायचा. फळ्या हलायच्या सगळ्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.