अस्तरातला झेंडा

आमची बेटं जिंकल्यावर अमेरिकनांनी आमच्या झेंड्यावर बंदी घातली होती. पासिग नदीच्या धक्क्यावर होडीतून उतरणाऱ्यांची झडती चालली होती. रांगेत माझ्यापुढे सासू-सून ओल्याचिंब उभ्या होत्या.

"घागऱ्याच्या अस्तरात झेंडा शिवलास? वेड लागलंय का तुला, ओनियांग?"

"तुमच्या लेकाला त्यातच गुंडाळून आणलं होतं, आई. जाळू कशी?"

"हळू बोल! शिपायाचा दुभाषा ऐकेल."

"आई, पाण्यानं रंग सुटलाय. पायांवर लाल ओघळ आलेत."

"मग पोट धर आणि रडायला लाग."

"का?"

"सून पोटुशी आहे, पोटातलं जातंय म्हणून सांगते. असल्या रक्ताकडे पुरुष बघत नाहीत."

"आई..."

"आता काय?"

"निळा पण उतरायला लागलाय."